पंखावरची जुनी फिल्म काढताय? या चुका टाळा

रिमोटवर उडणाऱ्या, बाल्साच्या हलक्या लाकडाच्या मॉडेल विमानावर प्लॅस्टिकची रंगीत फिल्म इस्त्रीने चिकटवलेली असते. मी पहिल्यांदा ती काढली ती सेकंडहँड घेतलेल्या ४० साइजच्या (०.४० घनइंच इंजिनच्या) ट्रेनरची, म्हणजे शिकाऊ विमानाची. एक कोपरा नखाने उचलला आणि जखमेवरची पट्टी ओढावी तशी खसकन ओढली. फिल्म आली, पण तिच्यासोबत दोन कॅपस्ट्रिप (रिबांवरच्या, म्हणजे पंखाच्या फासळ्यांवरच्या, लाकडी पट्ट्या) आल्या आणि शीटिंगचा, म्हणजे पंखावर मढवलेल्या पातळ बाल्साचा, तळहाताएवढा पापुद्राही आला. एका संध्याकाळीत उरकेल असं वाटलेलं काम आठवडाभर पुरलं. तेव्हापासून फिल्मची पर्वा करत नाही. ती फाटली तर फाटो, बाल्सा वाचला पाहिजे.

सगळ्यात आधी, फिल्म काढायची खरंच गरज आहे का ते पाहा. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत विमान राहिलं की फिल्म सैल पडते, सुरकुत्या येतात. इस्त्री फिरवून ती बऱ्याचदा पुन्हा ताणली जाते. पण फिल्म कडक होऊन तडकत असेल, कडा वारंवार सुटत असतील किंवा खाली इंजिनचं तेल शिरलं असेल, तर मात्र काढलेलीच बरी.

थंड फिल्म ओढणं ही सर्रास होणारी चूक. मोनोकोट, ओराकव्हर, सोलरफिल्म या सगळ्यांच्या मागे उष्णतेने मऊ होणारा गोंद असतो. आधी तो मऊ करा, मग ओढा. इस्त्री चिकटवण्याच्या तापमानावर ठेवा, म्हणजे ढोबळमानाने १०० ते १२० अंश सेल्सिअस. फिल्म आकसते ती त्याच्या वर. घाई म्हणून इस्त्री तिथवर तापवली, तर फिल्म सुटायच्या ऐवजी आवळते आणि पातळ ट्रेलिंग एजला (पंखाच्या मागच्या कडेला) पीळ बसतो. शिवण जिथे असेल तिथून सुरुवात करा. वीतभर भाग गरम करा, टोक उचला आणि फिल्म तिच्याच अंगावर उलटी दुमडून, लाकडाला जवळजवळ टेकवून, हळू मागे ओढत न्या. वरच्या दिशेला ओढलं की बाल्साचे तंतू उचकटतात.

ओढायची दिशा लाकडाच्या रेषांवरून ठरते, आणि नेमकं हेच घाईत विसरलं जातं. शीटिंगच्या रेषा सहसा पंखाच्या लांबीने जातात, म्हणून तिथली फिल्म मुळाकडून टोकाकडे ओढा. कॅपस्ट्रिपच्या रेषा मात्र आडव्या, लीडिंग एजकडून (पुढच्या कडेकडून) ट्रेलिंग एजकडे. एकच मोठा तुकडा अख्ख्या पंखावरून ओढायला गेलात, तर कुठे ना कुठे तो रेषेला आडवा जाणारच. त्यापेक्षा दोन रिबांमधल्या मोकळ्या जागेत फिल्म कापून टाका आणि रिबांवर उरलेल्या पट्ट्या एकेक करून सोडवा. ब्लेड फक्त मोकळ्या जागेत चालवायची. शीटिंगवर किंवा स्पारवर (पंखाच्या लांबीने जाणाऱ्या मुख्य दांड्यावर) ओढलेली बारीक चीर दिसतही नाही, पण जोराच्या लँडिंगला पंख तिथूनच मोडू शकतो.

आता रंग. बऱ्याच फिल्ममध्ये रंग गोंदाच्या थरातच असतो. त्यामुळे वरची पारदर्शक फिल्म अलगद येते आणि लाल-निळा रंग लाकडावर तसाच उरतो. लगेच सँडपेपर घेऊ नका. घासून गरम झालेला गोंद कागदात भरतो आणि मऊ बाल्साला खड्डे पडतात. साधा टिश्यू पेपर ठेवून वरून इस्त्री फिरवा, गोंद कागद शोषून घेतो. तीनचार वेळा कागद बदला, मग २२० किंवा ३२० नंबरचा सँडपेपर हलक्या हाताने. नवी फिल्म गडद रंगाची असेल, तर थोडा डाग राहिला तरी चालतं. पिवळी किंवा पांढरी चढवणार असाल, तर खालचा लाल रंग दिसतोच.

ॲसिटोनने रंग निघतो हे खरं, पण पातळ झालेला रंग लाकडाच्या छिद्रांत उतरतो आणि सीएने (सुपरग्लूने) चिकटवलेले सांधे मऊ पडू शकतात. वापरायचंच असेल, तर किंचित ओलसर फडकं, तेही फक्त शीटिंगवर. तोवर इस्त्री बंद आणि खिडक्या उघड्या, कारण त्याची वाफ पेटते. पंख थर्माकोलच्या गाभ्याचा असेल, तर ॲसिटोन जवळपासही नको. त्यावर हीट गनही नको, तीही थर्माकोल आतल्या आत वितळवते आणि वरून काही कळत नाही.

फिल्म म्हणजे नुसता रंगीत कपडा नाही. उघड्या रिबांच्या पंखाला पीळ सहन करायचं बळ बऱ्याच अंशी ताणलेल्या फिल्ममुळे येतं. ती निघाली की पंख हातात लवलवतो. असा पंख भिंतीला तिरका टेकवून ठेवला आणि पावसाळी हवा असली, तर वाकडा होऊ शकतो. सपाट फळीवर ठेवा. टोकाला मुद्दाम दिलेला वॉशआउट (टोकाची मागची कड किंचित वर ठेवणारा पीळ) असेल, तर तो फिल्म काढायच्या आधीच मोजून लिहून ठेवा.

पंख उघडा आहेच, तर सुटलेले सांधे आणि मधला डायहेड्रल ब्रेस (पंखाचे दोन भाग कोनात जोडणारा आधार) तपासून घ्या. एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीच्या) सर्व्होची, म्हणजे ती हलवणाऱ्या छोट्या मोटरची, वायर आतून जात असेल, तर ती ओढून काढण्याआधी टोकाला दोरा बांधा. नव्या फिल्मखालून वायर परत ओवायला मला एकदा रात्रीचे दोन वाजले होते.