हिवाळ्यात गाडी धुताना या चुका टाळा

बर्फ पडणाऱ्या प्रदेशात गाडीचे खरे नुकसान बॉनेटवर दिसणाऱ्या चिखलाने होत नाही. रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून टाकलेल्या मिठाचे पाणी गाडीच्या पोटाखाली साचून राहते, त्याने होते. तरीही बरेच जण वरचा पत्रा चकचकीत करतात आणि खालची बाजू तशीच सोडतात. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. मडगार्डची आतली कड, सस्पेन्शनचे सांधे, ब्रेकच्या नळ्या आणि दरवाजाखालचा पट्टा या ठिकाणी पाण्याचा जोरदार फवारा मारून अडकलेला गाळ पूर्ण काढला पाहिजे. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती गाळाने बुजली की पाणी आतच साचते आणि पत्रा आतून गंजतो. रंगाला फुगवटा दिसू लागतो तेव्हा गंजाने आत बरीच मजल मारलेली असते, म्हणून ही भोके लाकडी काडीने अधूनमधून मोकळी करावीत.

मिठाने माखलेली ओली गाडी उबदार गॅरेजमध्ये लावली की ती सुरक्षित राहते, हा गैरसमज आहे. गंजण्याची क्रिया थंडीत मंदावते आणि उबेत वेग घेते. त्यामुळे गाडी आधी धुवावी, मगच आत घ्यावी. ओल्या गाडीवर कव्हर घालणेही तितकेच वाईट, कारण ओल अडकून राहते आणि कव्हरखालची धूळ रंगावर घासली जाते.

धुण्यासाठी तापमान 0 अंश सेल्सिअसच्या वर असलेली दुपार निवडावी आणि दरवाजांची रबरे कोरडी पुसून त्यांना सिलिकॉनचा हलका हात द्यावा. एवढे केले नाही, तर सकाळी दरवाजा गोठून बसतो. अशा वेळी हँडलला हिसके देऊ नयेत, त्याने रबर फाटते किंवा हँडल हातात येते. दरवाजा तळहाताने कडेकडेने आतल्या बाजूस दाबावा, म्हणजे बर्फाचा पातळ थर तडकतो. धुतल्यानंतर थोडे अंतर गाडी चालवून हलके ब्रेक दाबल्यास डिस्कवरचे पाणी उडून जाते.

गोठलेल्या काचेवर उकळते पाणी ओतण्याचा मोह टाळावा, कारण तापमानातील अचानक फरकाने काच तडकू शकते. बर्फ खरवडण्याची पट्टी फक्त काचेसाठी असते, पत्र्यासाठी नाही. वायपर चिकटलेले असताना चालू केल्यास त्यांचे रबर फाटते आणि मोटरवर ताण येतो.

भांडी घासण्याचा साबण मेणाचा थर उतरवतो, म्हणून गाडीचा शाम्पूच वापरावा. मेण मात्र हिवाळा सुरू होण्यापूर्वीच लावून घ्यावे, कारण कडक थंडीत ते पत्र्यावर नीट बसत नाही.