ॲल्युमिनियम फोमची इंडेंटेशन चाचणी: या चुका टाळा

ॲल्युमिनियम फोम म्हणजे पोकळ्यांनी भरलेला धातू, आणि इंडेंटेशन चाचणी म्हणजे त्यात कठीण टोक (इंडेंटर) दाबून त्याचे सामर्थ्य मोजणे. या चाचणीत मला वारंवार दिसणारी चूक म्हणजे फोमच्या पेशी, म्हणजे भिंतींनी वेढलेल्या पोकळ्या, किती मोठ्या आहेत हे न पाहता हाताशी असेल तो इंडेंटर लावणे. सुमारे 4 मिमी पेशींच्या फोमवर 5 मिमी व्यासाच्या सपाट पंचाने (सपाट टोकाच्या गोल इंडेंटरने) घेतलेली दहा मापने एकदा माझ्याकडे तपासणीसाठी आली. पंच कुठे पेशीभिंतीवर टेकला होता, तर कुठे थेट पोकळीत उतरला होता, त्यामुळे एकही आकडा दुसऱ्याशी जुळत नव्हता. तरीही त्यांची सरासरी काढून ती फोमचे सामर्थ्य म्हणून अहवालात लिहिलेली होती. मी नमुना मधोमध कापून पाहिला. पंचाखालच्या पेशी चुरडून एकमेकींवर बसल्या होत्या, शेजारच्या मात्र जवळजवळ शाबूत होत्या, आणि दोहोंच्या सीमेवर भिंती उभ्या फाटलेल्या स्पष्ट दिसत होत्या. म्हणजे भाराचा एक भाग चुरडण्यात आणि दुसरा परिघावरच्या भिंती फाडण्यात खर्च होतो, आणि पंच जितका लहान तितका हा दुसरा वाटा मोठा.

म्हणून मी तीन-चार वेगवेगळ्या व्यासांचे पंच वापरतो आणि त्यांतला सर्वांत लहानही पेशीच्या कित्येक पट मोठा ठेवतो. मग सरासरी दाब (भार भागिले पंचाचे क्षेत्रफळ) हा 4 भागिले व्यास या राशीसमोर आलेखावर मांडतो. रेषेचा दाबाच्या अक्षावरचा छेद चुरडण्याचे सामर्थ्य देतो आणि चढ फाडण्याची ऊर्जा. एवढे पंच बनवून घेण्याचा कंटाळा करणाऱ्याने ही चाचणी हाती घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घन धातूच्या सवयीने कठिणतेला (दाबताना मिळालेल्या सरासरी दाबाला) 3 ने भागून सामर्थ्य काढणेही तितकेच चुकीचे आहे, कारण फोम दाबला असता बाजूला फारसा पसरत नाही.

यंग मापांक (ताठरपणाचे माप) भार आणि खोली यांच्या आलेखाच्या सुरुवातीच्या चढावरून काढू नये. काही भिंती अगदी कमी भारालाच वाकतात, म्हणून मी थोडा भार उतरवून त्या रेषेचा चढ घेतो आणि यंत्राची स्वतःची लवचिकता त्यातून वजा करतो.

प्रत्येक नमुन्याचे वजन करून त्याची घनता वेगळी नोंदवावी. नमुना करवतीने कापला, तर पृष्ठभागाच्या पेशी दबतात. मी वायर-कटच (तारेतून विजेच्या ठिणग्या पाडून कापण्याची पद्धत) वापरतो. नमुना पातळ असेल, तर चुरडलेला थर तळाला टेकताच भार झपाट्याने चढतो, आणि तिथून पुढचे वाचन मी सरळ वगळतो.