रायफलीसाठी मॅग्नम काडतूस भरताना पावडर कशी निवडावी

.३५७ मॅग्नम हे काडतूस १९३५ साली आणि .४४ मॅग्नम त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी रिव्हॉल्व्हरसाठी तयार झाले, परंतु अमेरिकेत आज दोन्ही काडतुसे लिव्हर-अ‍ॅक्शन (खालची कडी ओढून पुढचे काडतूस चढवणाऱ्या) रायफलींतही आवडीने वापरली जातात. (भारतात परवान्यावाचून काडतुसे बनवणे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, येथे जे लिहिले आहे ते अमेरिकेतील छंदाविषयी आहे.) रायफलीसाठी ही काडतुसे घरी भरायची असतील तर पावडर (काडतुसातली दारू) निवडताना पहिला विचार नळीच्या लांबीचा करावा.

जलद जळणारी पावडर काही इंचांतच आपला दाब देऊन संपते. उरलेल्या नळीत गोळीला नुसते घर्षण सोसावे लागते, आणि म्हणून रिव्हॉल्व्हरमध्ये समाधान देणारी युनिकसारखी पावडर १८ इंची नळीत फारसा वेग वाढवत नाही. मंद पावडर मात्र गोळी पुढे सरकत असतानाही वायू निर्माण करत राहते. १५८ ग्रेनची (सुमारे १० ग्रॅमची) गोळी ४ इंची रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला साधारण १,२५० फूट जाते, तर मंद पावडरने भरलेली त्याच वजनाची गोळी रायफलीतून १,८०० फुटांच्या आसपास पोचू शकते. दाबाची मर्यादा मात्र दोन्हीकडे एकच, म्हणजे .३५७ साठी चौरस इंचाला ३५,००० पौंड. नळी लांब आहे म्हणून पावडर वाढवण्याची मुभा मिळत नाही.

पूर्ण वेग हवा असेल तर माझी पसंती एच-११० या मंद पावडरीला आहे. विंचेस्टर २९६ या नावाने विकली जाणारी पावडरही तीच. तिचे बारीक, गुळगुळीत दाणे मापातून पाण्यासारखे उतरतात, पण तिच्याशी काटकसर करता येत नाही: उत्पादकाने दिलेल्या कमाल भारापेक्षा (पावडरीच्या वजनापेक्षा) ती तीन टक्क्यांहून अधिक कमी भरू नये. कमी भरली तर ती धड पेटत नाही आणि जॅकेटची (तांब्याच्या आवरणाची) गोळी लांब नळीत मध्येच अडकून बसू शकते. ते लक्षात न येता पुढचा बार काढला तर नळी फुगते किंवा फाटते. आवाज नेहमीपेक्षा मवाळ वाटला तर तिथेच थांबून, रायफल रिकामी करून, नळी आरपार पाहावी. या पावडरीला मॅग्नम प्रायमर (पावडर पेटवणारी जोरदार टोपी) आणि घट्ट क्रिंप (काडतुसाचे तोंड गोळीवर आवळणे) दोन्ही लागतात. क्रिंपचे रायफलीत आणखी एक काम आहे, कारण नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक दाबून बसतात आणि सैल गोळी आत सरकली की दाब वाढतो.

मध्यम भार किंवा शिशाच्या ओतीव गोळ्या हव्या असतील त्याने अलायंट २४०० घ्यावी. भार थोडा कमी केला तरी ती रुसत नाही. मात्र जुन्या पुस्तकातले आकडे आजच्या डब्याला लावू नयेत. आयएमआर ४२२७ ही बारीक कांड्यांची पावडर स्वभावाने शांत आहे, पण तिच्यात वेग थोडा मागे पडतो.

पावडर ठरली की आकडा चालू मॅन्युअलमधूनच, आपल्याच गोळीच्या वजनाचा आणि शक्यतो रायफलीच्या नळीचा घ्यावा, आणि तिथे दिलेल्या सुरुवातीच्या भारापासून चढत जावे. प्रत्येक टप्प्यावर चार-पाच काडतुसे भरून प्रायमर चपटा होतो का, केस (काडतुसाचे पितळी कवच) चेंबरमधून (काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागातून) अडखळत निघते का, ही जादा दाबाची लक्षणे पाहावीत. मंद पावडरीचा एक फायदा इथे हाती लागतो: ती केस जवळजवळ भरून टाकते, त्यामुळे चुकून दुप्पट पडली तर बाहेर सांडते. तरीही गोळी बसवण्याआधी पन्नासही केसा लाकडी ठोकळ्यात उभ्या करून, वरून विजेरी मारून, सगळ्यांतली पावडर एकाच उंचीवर दिसते का हे मी पाहतोच.