फ्रान्समध्ये खोलीची किल्ली घेताना

पहिली गोष्ट घरविम्याचा दाखला. भाडेकरूला विमा सक्तीचा आहे आणि 'आतेस्तास्यों', म्हणजे हा दाखला, हातात नसेल तर बहुतेक ठिकाणी किल्ली मिळतच नाही. तो ऑनलाइन लगेच निघतो, म्हणून निघण्याआधीच काढा. पोहोचायचं ते कामाच्या दिवशी, दुपारच्या आत. शनिवारी संध्याकाळी उतरलात तर किल्ली देणारं ऑफिस बंद आणि दोन रात्री हॉटेलात.

किल्लीबरोबर 'एता दे ल्यू' नावाचा कागद सहीला येतो: खोलीच्या आजच्या अवस्थेची नोंद. खरा पैसा इथेच अडकतो. फर्निचरसह खोलीला डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं मूळ भाडं असू शकतं आणि सोडताना तुलना याच कागदाशी होते. सगळीकडे 'बों एता', म्हणजे 'चांगली अवस्था', लिहिलं असेल तर गादीवरचा जुना डागही तुमचाच. घाई करतील, करू द्या. प्रत्येक हॉटप्लेट पेटवून बघा, फ्लश ओढा, सिंकखालच्या पाइपवरून हात फिरवा, खिडकी पूर्ण मिटते का पाहा. दिसेल ते जागेसह लिहायला लावा: 'बेसिनला डावीकडे चीर'. विजेच्या-पाण्याच्या मीटरचे आकडे टिपा, फोटो काढून त्याच दिवशी घरमालकाला ईमेल करा.

नंतर काही सापडलं तर खासगी भाड्याच्या घरात दहा दिवसांत या कागदात ती नोंद वाढवून मागता येते. पोचपावतीच्या रजिस्टर्ड पत्राने मागा. हीटरसाठी मुदत वेगळी: हीटिंग सुरू होण्याच्या हंगामाचा पहिला महिना.