इनडोअर सायकलिंग ट्रॅक आणि गॉगल: या चुका टाळा

"सर, आत ना ऊन ना धूळ, मग गॉगल कशाला?" दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधल्या लाकडी ट्रॅकवर पहिल्यांदा आलेलं पोर हे विचारतंच. ताशी 55-60 किलोमीटरच्या वेगात उघड्या डोळ्यांना धारा लागतात, ट्रॅकच्या आतल्या कडेजवळची काळी रेघ धड दिसत नाही. शिवाय ट्रॅक लाकडाचा. 2011 मध्ये मँचेस्टरच्या ट्रॅक सायकलिंग वर्ल्ड कपला मलेशियाचा सायकलपटू अझिझुलहस्नी अवांग याच्या पोटरीत सुमारे 20 सेंटीमीटरची ढलपी आरपार घुसली होती. डोळ्याला कुसळही पुरतं.

सगळ्यात जास्त त्रास देते ती उन्हात आपोआप काळी होणारी काच. "एकाच गॉगलमध्ये दोन्ही कामं" म्हणून पालक हौसेने घेतात. पण बाहेरून आत आल्यावर ती पुन्हा पांढरी, म्हणजे पारदर्शक, व्हायला काही मिनिटं लागतात. एका शिबिरात एका ज्युनिअरने बाहेर उन्हात वॉर्मअप केला आणि उशीर झाला म्हणून तसाच परस्यूट या वेळेच्या शर्यतीला उभा राहिला. टायमिंग घेताना वळणांवर काळ्या रेघेच्या आतल्या निळ्या पट्ट्यावर स्पंज ठेवलेले असतात. दुसऱ्याच फेरीत तो काळ्या रेघेखाली घसरला आणि पुढचं चाक स्पंजवर चढलं. फिक्स्ड गिअर, म्हणजे पेडल चाकाबरोबर फिरतच राहतात, ब्रेक नाही, सावरायला वाव कुठला? कॉलरबोन मोडलं. "सर, स्पंज दिसलाच नाही," एवढंच म्हणत होता. मी त्याचा गॉगल उचलला तेव्हा काचा अजून धुरकट होत्या. तेव्हापासून माझ्या मुलांना आत फक्त पांढरी काच, तीही पॉलिकार्बोनेटची, म्हणजे मजबूत प्लास्टिकची. रस्त्यासाठी दुसरा गॉगल घ्या. इथे पैसे वाचवू नका.

दुसरी चूक दुकानातच होते. आरशासमोर ताठ उभं राहून, चेहऱ्याला शोभतो का ते बघून गॉगल घेतात. ड्रॉपवर, म्हणजे हँडलच्या खालच्या वळलेल्या भागावर, वाकलं की नजर काचेच्या अगदी वरच्या कडेतून जाते. तिथे जाड फ्रेम असली तर पुढच्याचं चाक तिच्याआड जातं, मग मान उचलावी लागते. मी दुकानात मुलांना कमरेत वाकवतो, हनुवटी खाली, फक्त डोळे वर, आणि भिंतीवरचं घड्याळ वाचायला लावतो. वाचता आलं नाही तर तो गॉगल परत. वरून फ्रेम नसलेली मोठी काच बहुतेकांना चालते.

धुकं धरतं म्हणून आतून साबण चोळू नका, घामाबरोबर तो डोळ्यात उतरतो. स्टार्टला उभं राहून दम खाताना गॉगल हातात ठेवा, शेवटच्या क्षणी चढवा. घोळक्यात धुकं आलंच तर हँडल सोडू नका. वेग धरला की वाऱ्याने काचेवरचं धुकं जातं.

नंबरचा रोजचा चष्मा घालून ट्रॅकवर येऊ नका.

आणि जर्सीच्या टोकाने पुसणं बंद करा. आधी पाण्याखाली धरा, मग मऊ कापड. ओरखडे पडलेली काच दिव्यांखाली चमकते. अशी काच मी बदलायलाच लावतो, एका सीझनमध्ये दोनदा बदलावी लागली तरी.