साध्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ एडिटिंग शिकायचंय? मग सॉफ्टवेअर असं निवडा

कुठलं सॉफ्टवेअर घेऊ असं विचारलं की दहातले आठ जण डोळे झाकून दाविंची रिझॉल्व्ह सांगतात. सॉफ्टवेअर भारी आहे, फुकट व्हर्जनसुद्धा भारी आहे, पण त्याला १६ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि विचारणाऱ्याकडे असतो ८ जीबीवाला जुना लॅपटॉप. तेव्हा आधी टास्क मॅनेजर उघडून रॅम किती, वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का ते बघा. १६ जीबीच्या खाली असाल तर रिझॉल्व्हचा नाद सोडा.

आता उरलं काय? नुसते तुकडे कापायचे असतील तर लॉसलेसकट, ते व्हिडिओ पुन्हा एन्कोड करतच नाही, म्हणजे नव्याने बनवत बसत नाही, त्यामुळे क्षणात काम होतं, फक्त कट हवा तिथून थोडा मागेपुढे सरकू शकतो. मॅक असेल तर आयमूव्ही. विंडोज ११ मध्ये क्लिपचॅम्प येतंच, शिकायला सोपं, १०८०पी (फुल एचडी) पर्यंत वॉटरमार्कशिवाय, म्हणजे व्हिडिओवर स्वतःचा शिक्का न मारता, एक्सपोर्ट देतं, म्हणजे तयार फाइल काढून देतं. आणि नीट टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप्स एका पट्टीवर ओळीने मांडून, शिकायचं असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह, दोन्ही ओपन सोर्स, दोन्ही पूर्ण फुकट. शॉटकटवाले स्वतःच सांगतात की एचडीसाठी ८ जीबी आणि फोर-केसाठी १६ जीबी रॅम हवी, ४ जीबीवर फक्त एसडीचं, म्हणजे एचडीहून कमी दर्जाचं काम. क्रॅक केलेलं महागडं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर आणून देणारा मित्र प्रत्येकाला असतो, त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

आता खरी कटकट. सॉफ्टवेअर टाकलं, मोबाईलचा व्हिडिओ आत ओढला, प्ले दाबलं आणि सगळं अडखळायला लागलं. मग लोक काय करतात, सॉफ्टवेअर बदलतात, दुसऱ्यातही तेच होतं, मग तिसरं, मग "माझा पीसीच बेकार" म्हणून सोडून देतात. मीपण इथेच सगळ्यात जास्त डोकं फोडलंय. दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा नसतो, फाइलचा असतो. मोबाईल एच.२६४ किंवा एचईव्हीसी या व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतींमध्ये रेकॉर्ड करतो आणि त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, मधूनमधून एखादी पूर्ण फ्रेम असते आणि बाकीच्यांत फक्त काय बदललं तेवढंच. सरळ बघायला हे ठीक, पण एडिटिंगमध्ये तुम्ही सारखे इकडून तिकडे उड्या मारता, मग प्रत्येक उडीला कॉम्प्युटरला आधीच्या फ्रेम्सवरून चित्र पुन्हा जुळवत बसावं लागतं. इंटेलचा सहाव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर एचईव्हीसी उलगडायला पुरती हार्डवेअरची मदतही नाही, सगळा भार सीपीयूवर.

यावर उपाय प्रॉक्सी. सॉफ्टवेअर तुमच्या क्लिपची छोटी हलकी कॉपी बनवतं, तुम्ही कापाकापी त्या कॉपीवर करता, आणि एक्सपोर्टच्या वेळी मूळ फाइल वापरली जाते, म्हणजे क्वालिटी जात नाही. शॉटकटमध्ये सेटिंग्ज मेन्यूत प्रॉक्सी चालू करा, तिथेच प्रिव्ह्यू स्केलिंग (एडिट करताना दिसणाऱ्या चित्राचा आकार) ५४०पी ला ठेवा. केडेनलाइव्हमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून प्रॉक्सी क्लिप. कॉपी बनेपर्यंत थांबा!! लोक इथेच घाई करतात, कॉपी अर्धवट असताना प्ले दाबतात आणि म्हणतात फरक नाही पडला. माझं तर स्पष्ट मत आहे, साध्या पीसीसाठी सॉफ्टवेअर निवडताना इफेक्ट किती, ट्रांझिशन किती हे बघूच नका, प्रॉक्सी आहे का एवढंच आधी बघा.

दुसरा छुपा त्रास म्हणजे आवाज आणि ओठ हळूहळू वेगळे होत जाणं. मोबाईल अंधारात फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) आपोआप कमीजास्त करतो, स्क्रीन रेकॉर्डिंगमध्येही तेच, आणि लांब क्लिपमध्ये ते जाणवायला लागतं. आवाज हाताने सरकवत बसू नका, सुरुवातीला जुळेल आणि शेवटी पुन्हा घसरेल. क्लिप आधीच हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमधून कॉन्स्टंट (एकसारखा) फ्रेम रेट लावून काढून घ्या आणि तीच आत टाका. शॉटकट कमीजास्त फ्रेम रेटची फाइल दिसली की स्वतःच एडिटसाठी सोयीची करू का असं विचारतं, तो डायलॉग न वाचता बंद करू नका. डिस्क लहान असेल तर त्यातला गुड पर्याय पुरे, बेस्ट घेतलात तर फाइल अवाढव्य होईल.

निवड पक्की करायच्या आधी एक चाचणी. स्वतःच्या मोबाईलची दोन मिनिटांची क्लिप घ्या, नेटवरची सॅम्पल क्लिप नको, तीन कट मारा, एक ट्रांझिशन टाका आणि मराठीत टायटल लिहा, त्यात "ज्ञानेश्वरी" किंवा "दुसऱ्या" असे शब्द घ्या म्हणजे जोडाक्षरं फुटतायत का, वेलांटी जागेवर आहे का ते लगेच कळेल. मग पूर्ण एक्सपोर्ट करून फाइल मोबाईलवर बघा. ट्रायल व्हर्जनचा वॉटरमार्क बरेचदा इथेच पहिल्यांदा दिसतो, आठवडाभर खपून केलेल्या व्हिडिओवर दिसण्यापेक्षा आत्ता दिसलेला परवडला.

एक्सपोर्टला एमपी४, एच.२६४, १०८०पी. मधेच फेल झालं तर हार्डवेअर एन्कोडरची टिक काढून टाका आणि एक्सपोर्ट पुन्हा सुरू करा, वेळ जास्त लागेल पण होईल.