गांजाची जुनी केस आणि सरकारी नोकरीचा व्हेरिफिकेशन फॉर्म

भरतीत नाव लागलं की अटेस्टेशन फॉर्म (पोलीस पडताळणीसाठी भरायचा फॉर्म) हातात येतो आणि आमच्या मालवण-वेंगुर्ल्याकडची बरीच पोरं एकाच रकान्याशी अडतात, 'कधी अटक, खटला, दंड, शिक्षा झाली आहे का', कारण कधीतरी थर्टीफर्स्टला किनाऱ्यावर पुडीसकट सापडलेले असतात आणि घरी तो विषय कायमचा बंद केलेला असतो.

आधी हे नीट समजून घ्या, 'दंड भरला नि सुटलो' असं काही नसतं. कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला म्हणजे कागदावर तुम्ही दोषी आहात. एनडीपीएस कायदा (अमली पदार्थांविरुद्धचा कायदा), १९८५, कलम २७ मध्ये गांजा ओढल्याबद्दल ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, तेव्हा नुसता दंड झाला तरी 'हो' लिहायचं. निर्दोष सुटलात तरी अटक झालीच होती, मग तिथेही 'हो'.

फॉर्म भरायच्या आधी ईकोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर स्वतःचं नाव टाकून केस शोधा, निकालाची सर्टिफाइड कॉपी काढा, ओरोसला (सिंधुदुर्गच्या जिल्हा कोर्टात) किंवा जिथे केस चालली त्या कोर्टात अर्ज करावा लागतो आणि वेळ जातो, म्हणून सिलेक्शनची वाट बघत बसू नका. फॉर्मात एफआयआर नंबर, कलम, कोर्ट, निकालाची तारीख एवढंच लिहा नि कॉपी जोडा. मित्रांनी फसवलं वगैरे कहाणी नको.

लपवलं तर? सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग केसमध्ये सांगितलंय की माहिती खरीच द्यायची, लपवली तर नोकरी जाऊ शकते. किरकोळ गुन्हा असेल तर लपवलेलंही नोकरी देणारं खातं माफ करू शकतं, पण करेलच असं नाही. आणि खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी असंही नाही, हे कडू आहे पण आधीच माहीत असलेलं बरं. तरी मी प्रत्येकाला खरंच लिहायला सांगते, कारण खोटं सापडलं की जुन्या पुडीपेक्षा ते खोटंच जड होतं.

केस वयाच्या १८ च्या आतली असेल तर बाल न्याय कायदा, २०१५, कलम २४ वकिलाला दाखवा, तिथे मोठी सवलत आहे. नुसता ओढलाय, केस नाही, तर हा रकाना तुम्हाला लागू नाही. मेडिकलला विचारलं तर मात्र खरं सांगा, आणि ओढणं आजच थांबवा.

अजून एक, पोलीस घरी नि शेजारी चौकशीला येतात. फॉर्म दिला त्याच दिवशी आईला सांगून ठेवा, नाहीतर ती बिचारी मायेपोटी 'आमच्या झिलाचा तसला काय नाय' म्हणून बसते.